आक्काची घागर

वांग्यावरून झालं सगळं. एरवी रुक्मिणीबाई भाजीवाल्याशी हुज्जत घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. सुरतेला येऊन त्यांना वर्ष होत आलं होतं, आणि डिंडोलीतल्या त्या गल्लीत ‘चौथ्या मजल्यावरच्या किरणभाईंची आई’ एवढीच त्यांची ओळख होती. तेवढी त्यांना पुरत होती. किरण इच्छापोरच्या बसला पळाला, सून सुवर्णा एम्ब्रॉयडरीच्या युनिटवर गेली, नात शाळेच्या व्हॅनमध्ये कोंबली गेली, की पिशवी घ्यायची, खाली उतरायचं, सुकलालच्या गाडीवरून काय ती भाजी घ्यायची आणि वर येऊन बाल्कनीतल्या हिंचक्यावर बसून ती निवडायची. हिंचका फ्लॅटबरोबरच आला होता. आधीचे गुजराती मालक जाताना पंखे घेऊन गेले, कपाटं घेऊन गेले, एका खिडकीचे पडदेसुद्धा सोडले नाहीत, पण हिंचका ठेवून गेले, कारण नव्या घरात त्यांनी म्हणे याच्याहून मोठा बसवला होता. परभणीसारख्या ठिकाणी वाढलेल्या बाईला आधी त्याच्यावर बसायची लाज वाटली, मग सवय झाली, मग तो हलता हलता दुपारची डुलकी लागायला लागली. बरं चाललं होतं. तर त्या दिवशी सुकलालनं भरताची म्हणून हिरवी वांगी पुढे केली, त्यांनी एक उचललं, ते बोटाखाली भसकन दबलं, आणि काही कळायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं, “भाऊ, हाई वांगं तू सोता खाशी का?”

सुकलाल पारोळ्याकडचा, तो हसला आणि खालच्या टोपलीतलं चांगलं वांगं काढायला वाकला. त्याला काही वेगळं वाटलं नाही. डिंडोलीत अर्धी वस्ती खानदेशची, तिथं अहिराणी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना काय तोटा. दचकल्या त्या रुक्मिणीबाई स्वतः. कारण ती भाषा त्यांची नव्हती, आणि तो आवाजही त्यांचा नव्हता. थोडा खर्जातला, शेवटाला किंचित ओढलेला, सगळ्या घराला ऐकू जाईल असा तो आवाज त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी बंद करून ठेवला होता, आणि तो असा रस्त्यावर, एका सडक्या वांग्यापायी बाहेर पडेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. शेजारी साठीची एक बाई कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून उभी होती. तिनं जुडी तशीच धरून डोळे मिटले. रुक्मिणीबाईंच्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, “आखो बोला.” म्हणजे आणखी बोला. काय बोलायचं? रुक्मिणीबाई आपल्या साध्या आवाजात म्हणाल्या, “काय बोलू बाई?” तशी ती बाई मान हलवायला लागली, “असं नाही. मघाशी बोलल्या तसं.” बाईंना मौज वाटली. सत्तरी उलटल्यावर कोण कुणाला गंमत कर म्हणतं? त्यांनी गळा थोडा खाली घेतला आणि म्हटलं, “काय व्हयनं माय? बठ जराशी.” त्या बाईनं डोळे उघडले, आणि आता मात्र तिनं नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. तिच्या तोंडावरचा रंग गेला. “आक्का,” ती म्हणाली, आणि मग भर बाजारात, सुकलालच्या आणि तराजूच्या साक्षीनं, “पण तुम्ही तर वारल्या.” एवढं बोलून ती कोथिंबीर गाडीवर टाकून निघून गेली. सुकलाल म्हणाला, “सुंदरामाय आहे ती, मागच्या वस्तीतली. लूमवाल्या उखादादाची. डोकं चांगलं आहे तिचं, आज काय झालं कोणास ठाऊक.” रुक्मिणीबाई हसत हसत वर आल्या, आणि जिन्याच्या तिसऱ्या वळणावर त्यांचं हसू थांबलं.

खरं होतं ते. आक्का वारली होती. रुक्मिणीबाईंनी फक्त ते ऐकलं नव्हतं. ‘नांदतं घर’ हे रेडिओवरचं नाटक, ज्यात आक्काचा आवाज त्यांचाच होता, त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं, आणि ही गोष्ट सांगितली तर कुणाला खरी वाटली नसती. दुपारी एकला, रविवार सोडून रोज, खानदेशातल्या केंद्रावरून ते लागायचं, आणि एकला बाई शाळेत दुसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावत असायच्या. नवऱ्याची, श्रीरंगरावांची, पाटबंधाऱ्यातली नोकरी. बदली झाली म्हणून ही परभणीची बाई तिकडे गेली, शेजारणीच्या नादानं आवाजाची चाचणी देऊन आली, आणि मालिका लिहिणाऱ्या सोनवणेसाहेबांनी तिला त्या घराची थोरली करून टाकलं. तेव्हा तिचं वय ते काय, आणि आवाज काढायचा साठीच्या आक्काचा. अहिराणी तर येतच नव्हती. शेजारणीकडे बसून, ती भाकरी थापताना काय बोलते ते ऐकून, घरी आरशासमोर म्हणून म्हणून ती उचलली. मालिका खरं तर एका हंगामापुरती होती. पाणी उकळून प्या, पोरांना डोस द्या, बाळंतिणीला उपाशी ठेवू नका, असं सरकारला जे सांगायचं होतं ते आक्काच्या तोंडून सांगायचं आणि संपवायचं. पण लोकांना डोस आणि उकळलेलं पाणी राहिलं बाजूला, आक्काच्या घरी पुढे काय झालं याचीच तहान लागली. पोस्टाची पोती यायला लागली. साहेब म्हणाले, चालू द्या. ते जे चालू राहिलं ते वीस-बावीस वर्षं. मधल्या मुलाचा आवाज तीन वेळा बदलला आणि घरातल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. बाहेरचं फाटक म्हणजे स्टुडिओतली एक मोडकी खुर्ची होती. ती करकरली की पाहुणा आला. आक्काची लाडकी लेक वेणू, सासरी गांजलेली, अठरा वर्षांची, तिचं काम करणाऱ्या कॉलेजातल्या बाई रुक्मिणीबाईंपेक्षा चांगल्या पाच वर्षांनी मोठ्या होत्या आणि चष्म्याशिवाय त्यांना कागद दिसत नव्हता. एका मायक्रोफोनच्या दोन बाजूंना उभं राहून दोघी मायलेकी रडायच्या, आणि लाल दिवा विझला की एकमेकींना पाककृती सांगायच्या. ज्याच्या त्याच्या हातात ज्याचे त्याचे प्रवेश. आपण खोलीतून बाहेर पडल्यावर त्या घरात काय होतं ते आक्काला कधी कळलं नाही. श्रीरंगराव ऑफिसात शिपायाच्या रेडिओवर ऐकून यायचे आणि संध्याकाळी चहा घेताना म्हणायचे, आज तुमच्या आक्कांनी सुनेला चांगलं झापलं. त्या म्हणायच्या, झापलं असेल. मग एका सकाळी दाढी करता करता श्रीरंगराव न्हाणीच्या दारात कोसळले. अर्धं अंग गेलं आणि वाचा गेली. रुक्मिणीबाईंनी शाळा सोडली, स्टुडिओ सोडला. निरोप द्यायचंसुद्धा भान नव्हतं. काही दिवसांनी सोनवणेसाहेब दवाखान्यात आले, स्टुलावर बसून टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “बाई, आक्काला पाठवून द्यावं लागलं. दुसरा आवाज लोकांनी घेतला नसता.” त्या म्हणाल्या, “बरं केलं.” आणि श्रीरंगरावांच्या तोंडाला चमचा लावायला वळल्या. ते पुढे सहा वर्षं होते. त्या सहा वर्षांत घरात बोलणारं एकच माणूस होतं, आणि त्यालाही हळूहळू बोलायचा कंटाळा आला.

सुंदरा दुसऱ्या दिवशी स्वतःच आली. दार उघडलं तर हातात तीच कोथिंबिरीची जुडी, सुकलालकडून परत घेतलेली. आत यायला तिला संकोच होईना, बसायला मात्र झाला. सोफ्याच्या अगदी काठावर टेकली. रुक्मिणीबाई म्हणाल्या, “नीट बसा की. मी काही भूत नाही.” तशी ती हसली आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. “ते नाटक होतं हे मला कळत नव्हतं असं समजू नका,” ती म्हणाली. “सगळं कळत होतं. आमच्या वस्तीत आम्ही सहा-सात जणी. नवरे लूमवर. दुपारी एकीच्या ओट्यावर साड्यांचे गठ्ठे घेऊन बसायचो, धागा कटिंग. तांब्याची तार पत्र्याला बांधली की तुमचं टेशन लागायचं. नाहीतर नुसती खरखर. तुमच्या आवाजाला हात चालायचे आमचे. तुम्ही रागावल्या की कात्री जोरात.” मग तिनं जुडी मांडीवर सोडली. कोथिंबिरीची पानं निवडायला लागली, दुसऱ्याच्या घरी, न विचारता. रुक्मिणीबाईंनी ताट पुढे सरकवलं. “माझी माय मी लग्न होऊन आले त्याच साली गेली,” सुंदरा म्हणाली. “भाऊ आहे, भावजयीनं कधी या म्हटलं नाही. आखाजीला सगळ्या जणी माहेरी जायच्या. स्टेशनवर ही गर्दी. नंदुरबार, अमळनेर, धरणगाव. वस्ती सारी रिकामी. मी इथंच. मग एक वाजायची वाट. तुमचं घर लागलं की मी आपली माहेरी.” आणि तिनं जुडीचं मूळ मोडलं. “तुम्ही गेल्या तेव्हा आखाजी तोंडावर होती. तुम्ही वेणूला म्हटलं होतं...” ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. रुक्मिणीबाईंना ते जसंच्या तसं आठवलं, त्या शेवटच्या सकाळी त्यांनी वाचलेलं शेवटचं वाक्य, कागदाचा पिवळा रंगसुद्धा: आखाजीले मी सोता येसू तुले लेवाले, मुराळी धाडाव नही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला मुराळी म्हणून कुणाही भावाला, पुतण्याला पाठवतात. आई स्वतः जात नाही. आक्का स्वतः येणार होती. आणि चार दिवसांनी, सुंदरा सांगत होती, खुर्ची करकरली नाही, तुमचा आवाज नाही, काही नाही, नुसता मधला मुलगा म्हणाला की आक्का रात्री झोपेत गेल्या.

ते सगळं रुक्मिणीबाईंनी शांतपणे ऐकलं. धस्स झालं ते पुढचं ऐकून. सुंदरानं घागर भरली होती. गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला मातीची घागर पाण्यानं भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, गोड सांजोरी ठेवायची, उन्हाळ्यात त्या जीवाला पाणी मिळावं म्हणून. सासूची घागर तिचा नवरा उखा भरायचा. तिच्या शेजारी सुंदरानं एक धाकटी घागर मांडली. उखानं विचारलं, ही कुणाची? ती म्हणाली, आक्काची. उखाचे कान तेव्हाच लूमच्या खडखडाटानं निम्मे गेले होते, पण हे त्याला ऐकू आलं. दुसऱ्या वर्षी बाजारातून येताना त्यानंच दोन घागरी आणल्या. मग ओट्यावरच्या बायकांना कळलं. ज्यांना माहेरी जाता यायचं नाही अशा एक-दोन जणी दरवर्षी सुंदराकडे येऊन त्या धाकट्या घागरीला हळद-कुंकू लावून जायला लागल्या. एकीनं तर एका वर्षी आक्काला आवडतं म्हणून वांग्याचं भरीत ठेवलं होतं. हे सांगताना सुंदरा मधूनच रुक्मिणीबाईंकडे बघत होती, एखादीचं कपाट तिच्या माघारी उघडलं आणि ती समोर आली तर होईल तसं. शेवटी ती उठली. “आता नाही भरणार,” म्हणाली. “जित्या माणसाची घागर भरत नाहीत, पाप लागतं. आजवर भरली ती माफ करा. तुम्ही आहात हे चांगलं झालं.” आणि ती इतकं चांगलं तोंड करून ‘चांगलं झालं’ म्हणाली की दार लावल्यावर रुक्मिणीबाईंना ते तोंडच दिसत राहिलं. त्या हिंचक्यावर जाऊन बसल्या. पाय टेकून हिंचका थांबवून धरला. किती वर्षं आपल्या नावानं पाणी भरलं जात होतं. आपण इकडे नवऱ्याची कूस बदलत होतो, पेन्शनसाठी रांगेत उभ्या होतो, किरणच्या लग्नात मांडवात मिरवत होतो, आणि तिकडे आपल्याला तहान लागली असेल म्हणून कुणीतरी घागर भरत होतं. अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. उलट काहीतरी बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं त्यांना आवडलं नाही.

मग आठवडाभर त्यांचं कशात लक्ष लागेना. वरणात मीठ दोनदा पडलं. किरण म्हणाला, “आई, बीपीची गोळी घेतेस ना?” त्या म्हणाल्या, “घेते की बाबा.” नात रोजच्यासारखी गुजरातीत काहीतरी विचारायची आणि त्या मराठीत उत्तर द्यायच्या, आणि दोघींचं छान चालायचं, पण मध्येच नातीचं वाक्य कानावरून निघून जायचं. नुसतं एकच डोक्यात होतं: आपण जिवंत निघालो आणि एका बाईचं माहेर बुडालं. कोणी काही वाईट केलं नाही, त्यांनी नाही, सुंदरानं नाही, सोनवणेसाहेबांनी तरी काय केलं. वांगं सडकं नसतं तर कुणाला काही कळलंही नसतं. सुंदरानं येत्या आखाजीला घागर भरली असती, कुंकू लावलं असतं, आणि तिची आखाजी झाली असती. आता ती दारात बसून दुसऱ्यांच्या लेकी येताना बघणार. न्हाणीघरात नळ सोडून त्यांनी आक्काचा आवाज लावून बघितला. पहिल्यांदा घसरला, दुसऱ्यांदा लागला. ‘बठ माय.’ फरशीवर तो घुमला, आणि त्यांना वाटलं, ही आपल्यापेक्षा बरी होती. हिला सगळ्यांना रागवायचा हक्क होता. सून हिच्यापुढे पदर सावरून उभी राहायची. आपली सून चांगली आहे, गुणी आहे, पण ती कामावर असते आणि आपण तिच्या मुलीची बॅग भरतो. ही गेली तेव्हा वस्तीत हिची घागर भरली. आपण जाऊ तेव्हा किरण रजा टाकील. त्यात काही वाईट नाही. पण नळ बंद करताना त्यांच्या मनात एक खुळा प्रश्न आला, आणि तो इतक्या वर्षांत आपल्याला कसा पडला नाही याचंच त्यांना नवल वाटलं. आक्का गेली तेव्हा त्या घरात कोण रडलं? मधला मुलगा रडला का? सून? वेणूचं काय झालं? त्या कॉलेजातल्या बाईंनी, चष्मा लावून, समोर कुणी नसताना मायक्रोफोनपुढे उभं राहून हंबरडा फोडला असेल का? फोडायलाच हवा होता. त्या छान रडायच्या.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी सुवर्णा आंब्याची पेटी घेऊन आली. “आई, उद्या पुरण घालायचं ना?” रुक्मिणीबाई म्हणाल्या, “घालायचं. एक माणूस जास्त धर.” “कोण येणारे?” सुवर्णानं विचारलं. त्या म्हणाल्या, “लेक,” आणि सुवर्णा त्यांच्याकडे बघत राहिली, कारण किरण एकुलता एक होता. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, वांग्यापासून. सुवर्णा आंब्याच्या पेटीवरच बसून ऐकत होती. तिला एवढंच माहीत होतं की सासूबाई पूर्वी रेडिओवर काहीतरी करायच्या. ऐकून झाल्यावर ती उठली, पेटी भिंतीशी सरकवली. मग म्हणाली, “पण जायला तुम्ही कशाला? किरण जातील ना गाडीवर. उन्हात तुम्ही.” रुक्मिणीबाई म्हणाल्या, “नाही. शब्द मी दिलाय.” आणि दिलेला शब्द आपला नव्हता, सोनवणेसाहेबांनी लिहिला होता, हे माहीत असूनही त्यांना आपलं म्हणणं अगदी बरोबर वाटलं. शब्द कुणी का लिहिलेला असेना, आवाज तर आपलाच होता ना. दिला त्या आवाजानं. देणारी गेली, आवाज राहिला, तेव्हा तो त्यानंच पुरा करायला पाहिजे. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी त्यांनी ठेवणीतलं इरकल काढलं. श्रीरंगरावांनी शेवटचं घेतलेलं. सुकलालकडून डांगर घेतलं, चांगलं वाजवून, हुंगून, मोठं; तो म्हणाला, “मावशी, तुमच्याकडे पण घागर?” त्या म्हणाल्या, “पाहुणचाराला चाललेय.” मागची वस्ती दोन वळणांवर, पण ऊन असं की सकाळीच डांबर मऊ लागत होतं. घराघरांतून पुरणाचा वास येत होता. एका दारात एक लेक रिक्षातून उतरत होती, कडेवर मूल, हातात पिशव्या, आणि तिची आई दारातूनच हसत होती. सुंदराचं दार उघडं होतं. आत उखा भिंतीला टेकून बसलेला, सुंदरा पलीकडे चुलीवरच्या खापरावर पुरणाचा मांडा टाकत होती; गॅसवर तो होत नाही म्हणून आजच्यापुरती मागच्या अंगणात मांडलेली चूल तिथून दिसत होती. कोपऱ्यात पाटावर एकच घागर. तिच्या शेजारची जागा सारवून मोकळी ठेवलेली. रुक्मिणीबाई उंबऱ्याशी थांबल्या. कागद नव्हता हातात, लाल दिवा नव्हता, समोर चष्मेवाली वेणू नव्हती, आणि पहिल्यांदाच त्यांना कळलं की आपण जे बोलणार आहोत त्याचं पुढे काय होतं ते आपल्याला इथं उभं राहून बघावं लागणार आहे. मग त्यांनी गळा खाली घेतला. “सुंदरा,” त्या म्हणाल्या, “ऊठ माय. मी तुले लेवाले उनी.”

सुंदराच्या हातातला मांडा खापरावर वाकडा पडला. ती उठली नाही. तिथूनच बघत राहिली, आणि मांड्याची एक कड काळी व्हायला लागली. उखानं विचारलं, कोण आहे, आणि ती काही बोलेना तेव्हा तोच उठून दाराशी आला. त्याला ऐकू जावं म्हणून रुक्मिणीबाईंनी आवाज चढवला, सगळ्या घराला जाईल असा, “जावईबापू, आखाजी शे. लेकले धाडतस ना?” उखानं त्यांच्याकडे वर-खाली पाहिलं, डांगराकडे पाहिलं, मग मागे वळून बायकोकडे. त्याला सगळं माहीत असावं. निम्मे कान गेलेल्या माणसाला घरातलं सगळंच माहीत असतं. “आते उनी का?” तो म्हणाला. “किती वरीस वाट दखाडी.” आणि हसला. पुढचे दात नव्हते त्याला. रुक्मिणीबाई खाली बसल्या, पाटासमोर, मोकळ्या जागेपाशी. “धाकटी घागर कुठंय?” त्यांनी विचारलं, आता आपल्या साध्या आवाजात. सुंदरा म्हणाली, “नको आक्का, जित्या माणसाची...” “माझी नाही भरायची,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “माझी भरायला मी काही गेले नाही. आक्का गेली. तिची दरवर्षीची आहे, ती का बंद करायची? ऊन बघ किती आहे. आणि तिनं येते म्हटलं होतं, तिला येता आलं नाही, म्हणून मी आले. दोन्ही होतं आज.” सुंदरा डोळे पुसायचं सोडून हात पुसत राहिली. घागर उखानं आणली, माळ्यावरून, स्वच्छ धुऊन ठेवलेली. भरणार नाही म्हणत होती, पण धुतली होती. त्यानं पाणी ओतलं, रुक्मिणीबाईंनी आपल्या हातानं वर डांगर ठेवलं. जरा मोठं झालं घागरीला, पण बसलं. “घागरनं मी दखस,” उखा म्हणाला. “तुम्ही जा. सांजले धाडी देजा.”

सुंदरानं साडी बदलली आणि चपला घालताना दोनदा चुकीच्या पायात घातल्या. रस्त्यानं ती रुक्मिणीबाईंच्या अर्धं पाऊल मागे चालत होती, पदर डोक्यावर. ओट्यावरच्या दोघी-तिघींनी विचारलं, “सुंदरामाय, कथा चालनी?” आणि ती न थांबता म्हणाली, “माहेरी.” साठ वर्षांच्या बाईनं असं म्हटल्यावर त्या हसल्या, आणि ती पण हसली. घरी सुवर्णानं दारातच तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या गावी करतात. नातीनं पाया पडून गुजरातीत काहीतरी विचारलं, आणि सुंदरानं तिला फाडफाड गुजरातीत उत्तर दिलं, तेव्हा पोर एकदम खूश झाली. पुरण झालं, आमरस झाला, कुरडया झाल्या. किरणनं जरा लाजत तिला ताई म्हटलं. जेवून सगळे आडवे झाले तशी सुंदरा बाल्कनीत गेली आणि हिंचक्यापाशी उभी राहिली. आखाजीला लेकी झाडाला झोका बांधतात. तिनं हिंचक्याच्या कडीला हात लावून बघितला. रुक्मिणीबाई म्हणाल्या, “बठ.” ती बसली, आधी काठावर, मग मागे सरून, पाय वर घेऊन. रुक्मिणीबाईंनी मागे उभं राहून हलका झोका दिला. आत घड्याळात एक वाजून गेला होता. खाली रस्ता मोकळा होता, कुठूनतरी एकाच लूमचा आवाज येत होता, सणालाही कुणीतरी चालू ठेवलेला.

“सुंदरा,” रुक्मिणीबाई म्हणाल्या, “मी गेल्यावर त्या घरात काय झालं गं? मी कधी ऐकलंच नाही.” सुंदरानं मान वळवून पाहिलं. तिला वाटलं चेष्टा आहे. मग तिला कळलं. तिनं पाय खाली टेकले, हिंचका थांबवला, आणि आठवायला म्हणून डोळे मिटले. “काय सांगू,” ती म्हणाली. “मधला मुलगा म्हणाला, आक्का गेल्या. मग बाजा वाजला आणि संपलं. दुसऱ्या दिवशी तार बांधली, सगळ्या जणी गोळा, कात्र्या हातात, पण एकीनं गठ्ठा सोडला नाही. आणि लागलं तर काय, धाकट्याच्या लग्नाची बोलणी. सनई लावली होती.” बोलता बोलता ती ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली होती, ते तिच्या लक्षात नव्हतं. “घरमा कोनीच नही रडनं, आक्का. वेणूसुद्धा नाही. तुझं नावच काढलं नाही त्यांनी पुन्हा. रडलो ते आम्ही, ओट्यावर. साड्या भिजल्या म्हणून त्या दिवशी शेठ ओरडला.”

रुक्मिणीबाईंचा हात कडीवर तसाच राहिला. मग त्यांनी सुंदराच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला आणि पुन्हा झोका दिला, पहिल्यापेक्षा जरा मोठा. “बरं,” त्या म्हणाल्या. “मग लग्न झालं का धाकट्याचं? सांग पुढं.”